उलटा ठेवलेला नान

झैतिनबुर्नू, इस्तंबूल
सोमवार, ११ नोव्हेंबर २०२४

जोहरेताई,

पण तू तेव्हा म्हणालीस ना, "तुला आई नकोय, तुला व्ह्यूज हवेत," ते मला अजून टोचतं. तीन वर्षं झाली. तू मला सगळीकडे ब्लॉक केलंस, म्हणून तुला उत्तरं मी मनातल्या मनातच देत बसले. आज कागदावर देतेय.

सलाम. तू, जिजू, मुनीरे, तुझी छोटी, सगळे मजेत ना? म्युनिकला थंडी पडली असेल. मी बरी आहे, कार्गो ऑफिसातली नोकरी टिकून आहे. हे पत्र सेमेत काकांची पुतणी उद्याच तिकडे येतेय, ती आणून देईल. सेमेत काका म्हणजे आमच्या गल्लीतले नानवाले, आपल्या कुचाचेच. फोनवर हे बोलायचं नाही असं मी ठरवलंय. का, ते कळेलच.

ताई, आईचा फोन आला.

खरंच. सात वर्षांनी. व्हिडिओ कॉल. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी दुपारी एक वाजता मी ऑफिसात डबा उघडला होता आणि तिकडचं ते जुनं चिनी ॲप वाजलं. आईने आपल्या दोघींना जिथून काढून टाकलं होतं, तेच अकाउंट, तोच लाल ट्यूलिपचा फोटो. मी हात न धुताच उचलला. हिरवा रुमाल, मागे भिंतीवरचा गालिचा, आणि आई. थोडी बारीक झालीये. मी नुसती रडत सुटले.

"रडतेस काय, पोरी? आम्ही सगळे बरे आहोत. हवा छान आहे."

तीन मिनिटं बोलली. मग फोन कट. मी उरलेला डबा मांजरीला घातला, आणि दिवसभर हसत होते.

त्यानंतर आणखी दोनदा आला, शुक्रवारीच, दुपारी एक वाजताच. गेल्या शुक्रवारी ती म्हणाली, "ते तुझं पान बंद कर, पोरी. सगळं पुसून टाक. मग आपण दर आठवड्याला निवांत बोलू."

माझं पेज तुला आवडत नाही, माहितीये. पण आता त्याच्यावर तिकडे छावण्यांत नेलेली, बेपत्ता झालेली चारशे बारा माणसं आहेत गं. प्रत्येकाचा फोटो, गाव, आणि घरच्यांना शेवटचं कधी काय कळलं ते. कितीतरी जणांचा दुसरा फोटोच कुठे उरलेला नाही. तिकडे घरच्यांनी भीतीने फोन साफ केले, अल्बम जाळले. दर महिन्याला कुणीतरी शेकड्याने तक्रारी करून पेज बंद पाडतं, मी परत उभं करते. प्रोफाइलला आपल्या स्वातंत्र्याचा निळा झेंडा लावते. सेमेत काका चिडवतात, "तुमचं स्वातंत्र्य काय, चार्जिंग संपलं की संपलं!" पण त्यांच्या मुलाचा फोटो तिथे तेहतिसावा आहे, आणि रोज सकाळी तंदूर पेटवायच्या आधी ते तो उघडून बघतात.

आता या शुक्रवारपर्यंत मला ठरवायचंय. पान ठेवायचं की आई.

खरं सांगू, मी ठरवलं होतं. पुसणार होते. शनिवारी सकाळी काकांना सांगायला गेले, निदान त्यांच्या मुलाचा फोटो त्यांना काढून द्यावा म्हणून. त्या शेवटच्या कॉलचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं होतं, ते आनंदाने दाखवलं. त्यांनी पिठाचे हात पुसले, चष्मा चढवला, आणि एकदा पाहून म्हणाले, "परत लाव."

मी परत लावलं.

"थांबव. तो नान बघ."

आईच्या पुढे टेबलावर नान होता. आपल्याकडचा मोठा, ताटाएवढा. नक्षीच्या ठशाची बाजू खाली, काळपट पाठ वर.

ताई, तू सात वर्षांची असताना घाईत एकदा तसा ठेवला होतास. आईने पाहुण्यांसमोर तुला नानाची माफी मागायला लावली होती, ती नेहमी सांगायची, आठवतं? आणि तू हुंदके देत म्हणालीस, "माफ कर रे नाना," आणि पाहुण्यांना हसू आवरेना. तीच आई. रस्त्यात तुकडा पडलेला दिसला तर उचलून कपाळाला लावणारी. रेकॉर्डिंगमध्ये चार मिनिटं तो नान तिच्या हातापाशी उलटा पडलाय आणि ती त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.

"विसरली असेल," मी म्हणाले. "वय झालं तिचं."

"आपली बाई झोपेत चालली तरी उलटा नान सुलटा करून पुढे जाईल," काका म्हणाले. "म्हणजे एक तर ही तुझी आई नाही. नाहीतर ही तुझी आईच आहे, आणि ती तुला ओरडून सांगतेय की माझं ऐकू नकोस."

"यातलं कुठलं, काका?"

"मी नान भाजतो, पोरी. माणसं ओळखायचं काम तुमच्या फोनचं." मग गिऱ्हाईक आलं, आणि त्यांनी दोनदा सुटे पैसे चुकीचे दिले.

घरी येऊन मी रेकॉर्डिंग नीट ऐकलं, आधीचे दोन कॉल आठवून पाहिले. तिन्ही वेळा आईने जर्दाळूचं सांगितलं होतं. "जर्दाळूला यंदा खूप फळ आलंय." ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ताई! तेव्हा झाडाला पानंसुद्धा धड नसतात. मग मी तिचा तो शेवटचा व्हॉइस मेसेज काढला, सतरा सालचा, सत्तेचाळीस सेकंदांचा. तुला तो पाठ असेल. "आम्ही सगळे बरे आहोत. हवा छान आहे. जर्दाळूला यंदा खूप फळ आलंय. आता फोन करू नकोस." 'यंदा'नंतर ती आवंढा गिळते. रेकॉर्डिंगमध्येही तिथेच गिळते. मी दोन्ही एकदम लावले. आवाज एकावर एक बसले, ताई. एकच बाई बोलतेय असं वाटलं.

तो मेसेज जगाला मीच दिला. तू पाया पडून सांगितलं होतंस, लावू नकोस, तो आईचा आहे, आपल्या दोघींचा आहे. मी लावला. नव्वद हजार लोकांनी ऐकला. मला वाटलं होतं, सगळं जग ऐकेल तर तिला हात लावायची कुणाची हिंमत होणार नाही. कुणाला कॉम्प्युटरवर खोटी आई बनवायची असली, तर लागणारं सामान मीच दुकानात मांडून ठेवलं होतं.

किंवा ती खरीच असेल, आणि तिला समोर बसवून तेच परत म्हणायला लावत असतील. मग नान उलटा कुणी ठेवला?

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी हे पत्र आहे आणि जे दोन पानं मी टाळतेय. दुसऱ्या कॉलला आईने तुझी चौकशी केली. मी इतकी खूश होते. "जोहरे कुठे राहते? कुठला रस्ता? नात कुठल्या शाळेत जाते? शाळा किती वाजता सुटते?" आजी विचारतेच ना असं? मी सगळं सांगितलं. रस्ता, घर नंबर, शाळेचं नाव. तीन वाजता सुटते, हेसुद्धा. तेव्हा आईने मान हलवली आणि पहिल्यांदाच हसली. ते हसू मी रोज आठवत होते. आता आठवलं की फोन पालथा घालून ठेवते.

मुनीरेला उद्यापासून एकटीला सोडू नकोस. मला शिव्या नंतर दे.

जिला तू माणसं ओळखायला शिकवलंस आणि जी शिकली नाही,
ती तुझी धाकटी,
मुयेस्सेर

ता. क. पान अजून पुसलेलं नाही. शुक्रवारी एक वाजता फोन वाजेल. उचलला नाही आणि ती खरंच आई असली, तर ती तिथे बसून वाट बघेल, आणि तिच्या मागे कोण उभं असेल देव जाणे. उचलला आणि ती नसली, तर माझाही चेहरा, माझाही आवाज त्यांच्याकडे जमा होईल. रेकॉर्डिंग पुतणीच्या पेन ड्राइव्हवर दिलंय. तू तिची थोरली, तुझ्याशी ती माझ्याआधी सहा वर्षं बोललीये. एकदाच बघ आणि सांग: ती आई आहे का?