अठरा मिनिटांची रचना

यशोधन,

रविवारी सकाळी अलिबागच्या एका वाचनालयात माझा कार्यक्रम झाला. प्रोग्रेसिव्ह रॉक बँडमधल्या वादकांचे माझे आवडते सोलो अल्बम मी लोकांना ऐकवणार होते. शेवटचा अल्बम तुझा ठेवला होता. पहिल्या रांगेत तुझी आई होती. गोदावरीकाकूंना मी मुद्दाम बोलावलं होतं.

आपला बँड मोडून तू पुण्याला गेलास आणि एकट्याचा अल्बम काढलास. त्यातली अठरा मिनिटांची, सात मात्रांच्या तालातली रचना माझी होती. कव्हरवर नाव फक्त तुझं. जाब विचारला तेव्हा म्हणालास, "मृणाल, तू नुसता कीबोर्ड वाजवायचीस."

रविवारी लोकांनी त्या रचनेला टाळ्या वाजवल्या. मग मी आमच्या रेवदंड्याच्या वाडीतल्या तालमीचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. तीच रचना, एकटा माझा कीबोर्ड, आणि शेवटी तुझा आवाज: "मृणाल, हे तुला सुचलं तरी कसं? मला शिकव ना."

काकू उठून माझ्याजवळ आल्या.

"हा आमचा यशोच ना गं?"

"हो, काकू."

त्यांचा चेहरा उतरला. मला तेच हवं होतं, तरी त्यांच्याकडे बघवेना. तुझ्याबद्दल मात्र तसूभरही वाईट वाटलं नाही.

निघताना त्या म्हणाल्या, "तू त्याला काही कळवू नकोस. मीच फोन करते."

म्हणून हे पत्र पाठवत नाही. आईच्या तोंडूनच ऐक.

मृणाल