सव्वासात किलोचा गोळा

अकोला, ५ जानेवारी २०२६

चि. आकांक्षा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या अकॅडमीत मोबाइल जमा करून घेतात, म्हणून शाळा सुटल्यावर पहिल्यांदा पत्र लिहितो आहे. चुकलं तर हसू नको. इकडे सारं ठीक. मेथीला भाव नाही. तुझ्या खाटेवर आईनं तुरी वाळत घातल्या आहेत.

खरी बातमी विपुलची. दिवाळीनंतर त्यालाही पोलीस भरतीचं वेड लागलं. तुझाच घरी राहिलेला गोळा परसात फेकतो. दीड वर्षात तू गाठलेली चुन्याची रेघ या आळशानं दीड महिन्यात ओलांडली. बारा वर्षांची होतीस तेव्हा तू त्याला पाठुंगळी घेऊन पाटाचं पाणी ओलांडायचीस. धाकटा पोरगा जिंकला तर बापाला आनंद व्हावा, पण मी भरल्या ताटावरून उठलो. तुझी आई म्हणाली, की तुमाले काहून एवढं लागून राहिलं, दोघंबी आपलेच हायेत.

तुझी भरतीची ग्राउंड परीक्षा ११ फेब्रुवारीला. घरातली पहिली सरकारी नोकरी आकांक्षाची, हे मी बाजारात सांगून बसलो आहे. खांद्याला तेल लावत जा. लोभ आहेच.

तुझे बाबा,
भगवंत

अमरावती, ९ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस आकांक्षाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले, मग वर्षालीवर उगाच ओरडले. वर्षाली म्हणजे शेजारच्या खाटेवरची दर्यापूरची मुलगी, बिचारी ऐकून घेते.

विपुलचं मी उत्तमराव सरांना सांगितलं. ते आमचे ग्राउंडचे सर. ते म्हणाले, यात नवल नाही. तेरा-चौदानंतर मुलांची हाडं रुंदावतात, दंडा-खांद्यात मांस भरतं, दम वाढतो; मुलीनं तेवढीच मेहनत केली तरी ताकदीत फरक राहतो. त्यात तुझा दोष नाही, असंही म्हणाले. बाबा, दोष असता तर बरं झालं असतं. दोष सुधारता तरी येतो. मी पहाटे पाचला उठून धावते, आठशे मीटरला इथल्या मुलींत पहिली येते. तो नऊला उठून पोहे हाणतो आणि माझी रेघ ओलांडतो. याचा राग कुणावर काढायचा?

खांद्याचं खरं सांगते, पण आईला सांगू नका. हात डोक्यापर्यंत जात नाही. वेणीसुद्धा वर्षाली घालून देते. इथला गोळा हलका आहे, तरी फेकताना डोळ्यांपुढे अंधारी येते. लोभ असू द्यावा.

आपली,
आकांक्षा

अकोला, १५ जानेवारी २०२६

चि. आकांक्षा हिस आशीर्वाद.

काल ऐन संक्रांतीला विपुल भरतीचा कागद मोठ्यानं वाचत होता. पुरुषांचा गोळा सव्वासात किलोचा, महिलांचा चार. मी त्याला तीनदा वाचायला लावलं. इथला गोळा हलका आहे, हे तू लिहिलंस त्याचा अर्थ तेव्हा कळला.

पोरी, मी दुकानात जाऊन पोलीस भरतीचा गोळा द्या, एवढंच म्हणालो होतो. कोणासाठी, ते दुकानदारानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही; त्यानं पुरुषांचा दिला. तीस वर्षं भाजी विकतो. गिऱ्हाईक कोणीही येवो, माझ्या काट्यावर माप एकच, याचा मला मोठा तोरा. गोळ्याचंही तसंच असेल असं धरून चाललो. तू रेघेपाशी पोचलीस की मी रेघ पुढं सरकवायचो. तू खांदा दाबत बसलीस की म्हणायचो, ऊठ, वाघीण हायेस तू.

तो गोळा विहिरीत टाकायला उचलला, तर कंबरेत लचक भरली. तुमच्या ऑफिसात फोन केला, तर तिथला माणूस निरोप लिहून घेतो म्हणाला. काय निरोप सांगू? डॉक्टरला दाखव. मी येऊ का? येऊन काय करणार, तेही कळत नाही.

तुझे बाबा

अमरावती, २० जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांस सा. नमस्कार.

अक्षर वर्षालीचं आहे, सांगते मी आहे. उजवा हात गळ्यात बांधला आहे. खांद्यात आतून स्नायू फाटला, असं डॉक्टर म्हणाले. तीन महिने काही उचलायचं नाही. ग्राउंडला बावीस दिवस उरलेत. डाव्या हातानं फेकू का, असं सरांना विचारलं. त्यांनी गळ्यातली पट्टी नीट बांधून दिली.

तुम्ही मात्र स्वतःला खात बसू नका. मला माहीत होतं, बाबा. गोळा आणला त्याच आठवड्यात मोबाइलवर महिलांच्या गोळ्याचं वजन पाहिलं होतं. तेच सांगायला बाजारात आले होते. तुम्ही काट्यावर गोळा ठेवून शेजारच्या गंगूबाईंना दाखवत होता, की पाहा वो, सव्वासात किलो, माही पोरगी फेकते. तुमचा चेहरा पाहिला आणि कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसले. खोटं कशाला बोलू, मलाही तोच फेकायचा होता. विपुल उद्या मोठा होऊन पुढं जाणार, हे मला तेव्हाच दिसत होतं. त्याच्या आधी एकदा तरी त्याचा गोळा फेकून ठेवावा, असं वाटलं.

शनिवारी न्यायला या. आईलाही आणा, तुमचं तोंड मला एकटीला बघवणार नाही. विपुलला आशीर्वाद, त्याचा सराव थांबवू नका. लोभ आहे तसाच राहू द्या. फक्त माझं कौतुक आता बाजारात सांगू नका.

आपली,
आकांक्षा
(सही डाव्या हाताची आहे.)