वीरण्णाच्या लग्नाची कट्यार

६ मार्च १९८३

पातं निघालं! एसटीच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून – तापवून, ठोकून, नागासारखं वळणावळणाचं. मऊ पडावं म्हणून ह्यांनी ते राखेत पुरलं आणि लेकरू निजवल्यासारखे शेजारी बसून राहिले. आमच्या एकुलत्या वीरण्णाच्या लग्नाची कट्यार.

शेजारच्या शांतम्मा डोकावल्या. "लिंगायत वाण्याचं घर, चिरायचं काय तर कांदा-मिरची. अन् आप्पा खंजीर बनवून राहिले!" हे नुसते हसले. भिंतीवर ह्यांच्या हातच्या कट्यारी. एकीची मूठ मोराच्या मानेसारखी, एकीच्या पात्यावर ज्वारीचं कणीस कोरलेलं. लग्नात टोकाला लिंबू खोचतात, तेवढीच त्यांची शिकार!

१३ मार्च, रविवार

ह्यांचा उजवा हात थरथरतो. चहा बशीत सांडला. "कप लई गरम हाय," म्हणाले. चहा तर गार झालेला.

दुपारी कानस घसरली. पात्यावर लांब ओरखडा. पातं फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवून दिलं. अहमदपुरात कितीक नवरदेवांच्या हातात ह्यांची कट्यार – आणि स्वतःच्या मुलाच्या हातात बाजारातली?

२२ मार्च

लातूर जिल्हा झाल्यापासून ह्यांची नोकरी तिकडच्या कचेरीत. सकाळच्या एसटीनं जातात, दिवेलागणीला येतात. आज मी फडकं सोडलं. ओरखडा घासून काढला. इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलंय – कानस पुढं ढकलताना दाबायची, मागं घेताना उचलायची. बोटं काळी झाली.

संध्याकाळी ह्यांनी पातं कंदिलाशी धरलं. ओरखड्याच्या जागेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "भाकरी वाढ." बस्स!

३० मार्च

ते विचारत नाहीत, मी सांगत नाही. आज हत्यारांत एक नवी कानस दिसली. बारीक मुठीची. ह्यांच्या पंजात मावणारच नाही अशी! लातूरहून आणली असणार.

रडू आलं. मग कामाला लागले.

१० एप्रिल

रविवार. पातं लालभडक तापवून ह्यांनी पाणी मागितलं – घागरभर! विहीर आटलेली, टँकर परवा. दिली. चर्र झालं, वाफेनं ह्यांचा चष्मा पांढरा झाला. सांडस डाव्या हातात धरली होती. मी दुसरीकडं पाहिलं.

२४ एप्रिल

देवणी बैलाच्या शिंगाची मूठ बसली. दगडावर धारही दिली मी. केस कापेल अशी! माझी गं बाई ती.

८ मे

लग्न झालं. पण काय झालं! मांडवाच्या दारात वीरण्णानं कट्यार छातीशी धरली आणि मुंडावळ्यांचा दोराच कापला, फुलं खाली. "अपशकुन!" बाया कुजबुजल्या.

व्याही माणिकप्पा म्हणाले, "गुरुलिंगआप्पा, लग्नाच्या कट्यारीला धार? तुमी तर बोथट ठेवता की!"

मला माहीतच नव्हतं. हे दगडावर पातं फिरवायचे ते धार मोडायला – मी समजत होते, लावायला! एकदा विचारलं असतं तर? पण आमचं न विचारायचंच ठरलेलं, न बोलता.

ह्यांनी मान खाली घातली. "चुकलं माझं. आता हात ऱ्हायला न्हाई." चारचौघांत. माझ्यासाठी.

तेवढ्यात नवरी, आमची नीलम्मा, बाशिंगाआडून म्हणाली, "असू द्या मामंजी, माझी कांदा चिरायची सोय झाली!" मांडव खदखदला. दुसरा दोरा बांधला, अक्षता पडल्या.

मी मात्र पंगतीला बसलेच नाही.

१५ मे

उमरीचे साहेबराव आले. मुलाच्या लग्नाला कट्यार हवी. "औंदा तेवढी बोथट ठेवा, आप्पा!"

मी स्वयंपाकघरात. ह्यांनी ओसरीवरून हाक मारली, गल्लीला ऐकू जाईल अशी –

"अगं, बाहेर ये. तुझं गिऱ्हाईक आलंय."