घरटं कुणाला सापडलं

क्लॅमथ, कॅलिफोर्निया
२१ एप्रिल

प्रिय ड्वेन,

मी बरी आहे. तिकडे आयडाहोत बर्फ वितळलं असेल, मुलं खुशाल असतील. दर रविवारी आपण फोनवर बोलतोच, मग हे पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझा आवाज ऐकला की माझी जीभ अडते, म्हणून.

माझ्या वसंतातल्या रानफेऱ्या सुरू झाल्या. यंदा ट्रिलियम भरभरून फुललंय. रेडवुडखाली पांढरा सडाच पडलाय जणू. पहिल्या शनिवारी चौदा माणसं आली. त्यांत दोन काठ्या टेकत ऑरिन.

"यादीत नाव आहे माझं. हाकलता येणार नाही तुला," म्हणाला.

तुला त्याचं नावही नको असतं, माहीत आहे. तरी वाच.

खालच्या ओढ्यापाशी एका शिक्षिकेने विचारलं, "ही झाडं तोडायची कशी राहिली?" मी नेहमीचं सांगितलं: समुद्रावरचा एक लहानसा पक्षी अंडं घालायला इतक्या आत येतो, या जुन्या फांद्यांवरच्या शेवाळात. त्याचं घरटं सापडलं आणि तोड थांबली.

"कुणाला सापडलं?"

"कुणाला तरी."

ऑरिन खोडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होता.

परतताना तो दमला. आम्ही एका आडव्या पडलेल्या खोडावर बसलो. त्या खोडाच्या पाठीवर हेमलॉक झाडाची रोपं उगवली होती. ती चुरगळू नयेत म्हणून ऑरिन आधी बाजूला सरकला, मग म्हणाला, "ड्वेनला सांगितलंस का कधी?"

मी बुटावरचा चिखल काडीने खरवडू लागले.

"अगं, त्या घरट्याखाली पडलेलं अंड्याचं कवच ओळखणारं आपल्या गावात दुसरं होतं कोण? मला तर कोंबडीचंही ओळखू येत नाही."

"मग तेव्हाच त्याला का नाही सांगितलंस?"

"त्याला करवतीच्या दुसऱ्या टोकाला कुणीही मिळालं असतं. बहीण कुठून आणणार होता?"

ड्वेन, ते कवच मला सापडलं. वनखात्यात मीच नेऊन दिलं. तुझं काम गेलं, आणि तू स्वयंपाकघरात उभा राहून 'कुणी कळवलं?' असं विचारलंस तेव्हा मी म्हणाले, "ऑरिन दिसला होता बाई त्या ऑफिसात." दिसला नव्हता. एकोणीस वर्षं झाली. चौदा वर्षं ज्याच्या जोडीने तू झाडं पाडलीस, त्याच्यावर मी किटाळ आणलं. तू त्याच्या बायकोच्या मयतालाही आला नाहीस.

झाडं वाचवल्याचं मला वाईट वाटत नाही. आजही तेच करेन. पण तुझं तोंड बघून घाबरले आणि हाताशी होतं ते नाव घेतलं.

काल फेरीत पुन्हा तोच प्रश्न आला. "मला," म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

येत्या रविवारी मी फोनची वाट बघणार नाही. तू ऑरिनला कर. नंबर तोच आहे. त्याला कमी ऐकू येतं, बराच वेळ वाजू दे.

तुझ्याशी खोटं बोललेली, आणि तरीही तुझीच,
लेटी