पक्की वीट

प्रिय सिद्धोधन,

सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तू म्हणालास, रविवारी काका जीप घेऊन न्यायला येतील, तू सासरी येणार की नाही ते एकदाचं पक्कं सांग. तेव्हा माझे दोन्ही हात चिखलात होते आणि फोन आईनं माझ्या कानाशी धरला होता. तिच्यासमोर बोलले असते तर भांडणच झालं असतं, म्हणून लिहिते आहे.

आईच्या परसात पावाची भट्टी बांधायला घेतलीय. हो, तीच. पाथरीला तुमच्या घरामागे बांधते म्हटलं तेव्हा काका म्हणाले होते, "आपल्या घरची सून पाव इकनार न्हाई." तू मान खाली घालून जेवत राहिलास. मला काकांचा नाही, तुझ्या त्या जेवण्याचा राग आला. तो अजून गेलेला नाही.

माझी फजिती ऐक. वीटभट्टीवर जाऊन मी ऐटीत म्हणाले, सगळ्यात पक्की वीट द्या. त्यांनी खंगर दिली. जाळाला अगदी चिकटून भाजलेली, काळी-जांभळी, काचेसारखी वीट. लोक घराच्या पायात भरायला तीच मागतात. खिळ्यानं ओरखडा उठेना, मी खूश. घुमट रचला, लाकडं पेटवली आणि थोड्याच वेळात फटाफट तडे गेले. शेजारच्या सुलाबाई कोणाची वरात आली म्हणून बघायला धावल्या. आमचे दादा म्हणाले, सिमेंटनं बुजवून टाक. मी बुजवलं नाही, सगळा घुमट पाडला. रडत पाडला, खोटं कशाला सांगू.

खंगर पाणी पीत नाही, माती धरत नाही, आणि रोज तापायचं, रोज निवायचं हे तिला जमत नाही. भट्टीला लागते एकसारखी लाल भाजलेली वीट, आपटली तर खणखणणारी, पण भिजवली की पाणी पिणारी. दुसऱ्या खेपेला मी एकेक वीट वाजवून घेतली. वीटवाला वैतागला. "ताई, वीट घ्यायलाव का नवरा पसंत करायलाव?" मी म्हटलं, नवऱ्याच्या वेळी वाजवायचं राहून गेलं, म्हणून तर आता वाजवतेय.

तुझ्या आई मला खंगर म्हणायच्या. त्यांना सांग, मी खंगर असते तर तुमच्या घरातल्या पहिल्याच जाळाला फुटले असते.

तर आता पक्कं सांगते. रविवारी मी जीपमध्ये बसणार नाही. त्या दिवशी नवी भट्टी पेटणार आहे आणि देवगाव फाट्यावरच्या हॉटेलवाल्यानं पाव सांगून ठेवलेत. काकांना पाठवू नकोस. तुझी आठवण येते, ती कुणाच्या निरोपानं भागत नाही. यायचं असेल तर एसटीनं एकटा ये, बाह्या वर करून पीठ मळायला बस. पहिला पाव तुलाच देईन. फक्त तो मान खाली घालून मिळणार नाही, माझ्याकडे बघून मागावा लागेल.

अजून तरी तुझीच,
माधवी