दहावी खुंटी

प्रिय अंतियोको,

माझी शंभरी साजरी झाली असं तुला लूसीने सांगितलं असेल, तर ते खोटं आहे. लेकीने मुद्दाम खोटं सांगितलं असं नाही, तिला जे कळलं ते तिने सांगितलं. पण खरं काय झालं ते माझ्याच हातून तुला कळायला हवं, म्हणून फोन न करता लिहायला बसले. अक्षर वाकडंतिकडं वाटलं तर हसू नकोस. सकाळी पावट्याची एक टोपली सोलून झाली, त्यामुळे अंगठा थोडा रुसलाय, बाकी हात धडधाकट आहे.

आधी तुझं बोलते. लूसी परवा फोनवर रडत होती. म्हणाली, आत्या, बाबा ताट तसंच परत पाठवतात, दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात, नर्सने उठवलं तर म्हणतात नव्वद झाली, आता बस झालं. तुला चांगला वृद्धाश्रम मिळालाय, गरम पाणी आहे, लिफ्ट आहे, सूप खोलीत आणून देतात, हे सगळं मला ठाऊक आहे. मला तर त्याचीच भीती वाटते. माझ्याकडे कुणी काही आणून देत नाही. माझी लेक पियेरा स्वतः सत्तरीची झाली, तिचे गुडघे माझ्याहून जास्त कुरकुरतात, तेव्हा खालच्या वाफ्यातून पालक आणायला मीच उतरते. एकशे बारा पायऱ्या खाली, एकशे बारा वर. आणि पायऱ्या चढताना तोमासाच्या दारावरून जावं लागतं, तिथे धाप लागलेली दिसून चालत नाही.

तोमासा अजून आहे बरं. शहाण्णव वर्षांची झाली, पण जीभ सोळाची. शंभरीच्या समारंभाची तयारी सुरू झाली तेव्हा रोज येऊन सूचना करायची. काळं रेशीम नको, प्रेतासारखी दिसशील. फोटो काढताना तोंड मिटून ठेव, तो एकुलता एक दात साऱ्या गावाला दाखवायची गरज नाही. मी म्हटलं, तुला तोही नाही म्हणून पोटात दुखतंय. पियेरा म्हणते तुम्ही दोघी शाळेतल्या पोरींसारख्या भांडता. भांडतो, आणि भांडून झालं की एकत्र बसून कुलुर्जोनीस वळतो. बटाटा-पुदिन्याचं सारण भरून कडेला मुरड घालायचं काम अजून माझ्याकडेच आहे. नव्या सुनांची मुरड उकळत्या पाण्यात उसवते. माझी एकदाही उसवलेली नाही, हे मी तुला अभिमानाने सांगते, आणि यात खोटा विनय करायचं मला कारण दिसत नाही.

तर समारंभाची गोष्ट. पंचायतीच्या मोठ्या खोलीत शंभरी गाठलेल्यांचे फोटो टांगलेत, ते तू गाव सोडून गेल्यानंतरचं आहे. नऊ फोटो. दहावी खुंटी वर्षभर आधीच ठोकून ठेवली होती, माझ्यासाठी. सरपंच सगळ्यांना सांगत सुटला होता की आता आपल्या गावाचं नाव पेपरात येणार. दोन वर्षांपासून शहरातून डॉक्टर एलेना येते, आमच्या म्हाताऱ्यांच्या आयुष्याचं गणित मांडायला. गोड पोरगी आहे. मनगटावर घड्याळ बांधून माझी पावलं मोजली, पावटे किती, बकरीचं चीज किती, वाईनचा पेला केवढा, सगळं लिहून घेतलं. झोप किती विचारली, मी म्हटलं दुपारची धरून की सोडून. मी काय खाते ते तिने शंभरदा विचारलं, कुणाबरोबर खाते ते मात्र मीच सांगितल्यावर तिला सुचलं. मग तेही लिहून घेतलं. शिकणारी आहे.

ऑक्टोबरात ती माझ्या जन्माचा कागद घेऊन आली. दप्तरातली नक्कल, शिक्क्यासकट. आपल्या चर्चची त्या वर्षांची वही छप्पर गळून केव्हाच भिजून गेली, त्यामुळे एवढा एकच पुरावा. तिने आनंदाने वाचून दाखवलं, बोनारिया, जन्म दहा नोव्हेंबर, अमुक साल. म्हणाली, मावशी, एकही खाडाखोड नाही, इतका स्वच्छ कागद मी पाहिला नाही. मी तिला कॉफी दिली. त्यानंतर तीन आठवडे मी काही बोलले नाही, अंतियोको. हे तुला सांगायला लाज वाटते, पण ती वाटायलाच हवी.

तुला माहीत आहे, कारण आता जगात आपल्या दोघांनाच माहीत आहे. तो कागद माझा नाही. माझ्या आधी एक बोनारिया होती. त्या हिवाळ्यात बाबांचा हात मोडला होता म्हणून मेंढरांच्या धारा काढायला आई तान्ह्या पोरीला घेऊन खालच्या सपाटीवर गेली, आणि तिथल्या हिवतापाने पोर चौदा महिन्यांची असताना गेली. तिथेच पुरली. वर्षाने फेब्रुवारीच्या बर्फात मी झाले, आणि तिचंच नाव मला ठेवलं. बाबा माझी नोंद करायला म्हणून कचेरीपर्यंत गेले आणि दारातून परत आले. आई सांगायची, माझं नाव लिहायचं तर आधी तिचं खोडावं लागलं असतं. एवढा दांडगा माणूस, लांडग्यांना न भिणारा, पण ते त्यांना कारकुनासमोर उच्चारता आलं नाही. घरी येऊन म्हणाले, बोनारियाचं नाव दप्तरात आहेच. त्यावर बाबांपुढे पुन्हा कुणी विषय काढला नाही. म्हणून मी आयुष्यभर सव्वादोन वर्षांनी मोठी राहिले. शाळेत, लग्नात, पेन्शनमध्येसुद्धा. कुठे काही अडलं नाही.

ते तीन आठवडे मी स्वतःला खूप समजावलं. कुणाचं नुकसान आहे का? सरपंचाला पेपर हवा, पियेराला केक कापायचा होता, पणतवंडांनी गाणं बसवलं होतं. शिवाय मला तो फोटो हवा होता रे. नऊजणांच्या ओळीत आपल्या घरातलं कुणी नाही. पण रोज वाफ्यावर उतरताना ती डोक्यात यायची. बिचारीला जगायला मिळाले चौदा महिने. तिचं नाव मी घेतलं, तिचा पाळणा घेतला, तिची तारीख घेतली. आता तिची शंभरीही मीच खायची, हे मला गिळवेना.

दहा नोव्हेंबरला सगळी खोली भरली होती. सरपंचाने तिरंगी पट्टा घालून भाषण केलं. फोटो कापडात झाकलेला. मग मला म्हणाला, मावशी, दोन शब्द बोला. मी काठी पियेराच्या हातात दिली, उभी राहिले आणि सगळं सांगितलं. म्हटलं, ही शंभरी माझ्या थोरल्या बहिणीची आहे, आणि ती इथे नाही. मी सत्त्याण्णवची आहे, फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णव लागतील. पोरांनी गाणं म्हणावं, केक कापावा, पण ती खुंटी रिकामी ठेवा.

मग मागून तोमासा बोलली, म्हणजे तू माझ्याहून फक्त दीड वर्षाने मोठी, आणि मी बाई इतकी वर्षं उठून तुला खुर्ची देतेय. सगळी खोली हसली, मीही हसले, आणि मग मला रडू आलं. सरपंच मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, मावशी, बोलला नसतात तर कुणाला कळणार होतं? मी म्हटलं, मला. एलेनाला राग आला असता तरी नवल नव्हतं, तिचं दोन वर्षांचं गणित मी बिघडवलं होतं. पण तिने वहीतली माझी ओळ खोडली, नवीन ओळ लिहिली, आणि माझ्या हाताचा मुका घेतला. अंतियोको, मी चार बाळंतपणं सोसली, नवरा पोचवला, डोंगरावरची आग विझवायला बादल्या वाहिल्या. पण त्या दिवशी घरी येताना जेवढी ताठ चालले तेवढी कधी चालले नसेन. एकशे बारा पायऱ्या, आणि तोमासाच्या दारात न थांबता.

आता मी तुला का लिहिते आहे ते सांगते. कारकून म्हणतो, तिचा मृत्यू दप्तरात लिहिता येईल, पण तिची जागा पाहिलेला कुणीतरी येऊन सही करायला हवी. मी ती पाहिलेली नाही. तू बेल्जियमच्या खाणीत जायला निघालास तेव्हा बोटीच्या आदल्या दिवशी मला म्हणाला होतास की मेंढरं घेऊन गेलो असताना बाबांनी मला तिची जागा दाखवली, सपाटीवरच्या त्या छोट्या देवळामागे, त्यांनी सुरीने दगडावर क्रूस कोरला होता तिथे. मी तेव्हा पुढे विचारलं नाही, तू जातोयस याचंच दुःख होतं. गेल्या आठवड्यात पियेराच्या मुलाने गाडीने मला तिथे नेलं. देवळं तीन आहेत, आणि तिन्हींच्या मागे दगडच दगड. तेव्हा तू बस झालं म्हणू शकत नाहीस. तुझं अजून काम बाकी आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणालाच येत नाही. मार्चमध्ये सपाटीवर गवत अजून उंच वाढलेलं नसतं, दगड दिसतात. तोवर आजपासून खोलीच्या दारापर्यंत चाल, मग जिन्यापर्यंत, मग लिफ्ट सोड. गाडी उभी राहते तिथून अर्धा मैल चालायचं आहे आणि मी तुला पाठीवर घेणार नाही. ताटात वाढलेलं सगळं खा, बेचव असलं तरी. तिच्या दगडावर नाव कोरून घेऊ, मग तू इथेच राहा, वरची खोली मी झाडून ठेवली आहे. माझ्या खऱ्या शंभरीला अजून सव्वादोन वर्षं आहेत. आई पेला उचलून म्हणायची, शंभर वर्षं जग, आणि आपण दोघं ओरडायचो, मोजायला तूही अस. आई राहिली नाही. मोजायला तू ये.

तुझीच,
धाकटी बोनारिया