बर्फावरची तुमची जागा

अहो,

तुमच्या फोटोसमोर रोज दिवा लावते, पण बोलत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. रागावले आहे मी. आज मात्र बोलल्याशिवाय भागणार नाही, कारण सकाळी केतकीचा फ्रान्सहून फोन आला. "आई, त्या स्की स्कूलवाल्यांचा मेल आलाय. मार्चच्या वर्गात बाबांची जागा तशीच आहे. कॅन्सल करू का? सोमवार तक बताना है, नाहीतर ते दुसऱ्याला देऊन टाकतील."

मी म्हटलं, सांगते. फोन ठेवला आणि जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले.

टेबलाच्या काचेखाली तुमचा नकाशा अजून तसाच आहे. आल्प्समधलं ते भलंमोठं रिसॉर्ट, रोपवेच्या पाळण्यांनी एकमेकांना जोडलेली गावं आणि डोंगरांवरून उतरणाऱ्या हिरव्या, निळ्या, लाल, काळ्या रेघा. हिरवा उतार शिकाऊ लोकांचा, काळा वेड्यांचा, असं तुम्ही येईल त्याला समजावायचात. दूधवाल्यालासुद्धा! वर्षभर मी त्या आल्प्सवर वरण-भात जेवले आहे. काचेच्या फटीतून वरण आत गेलं आणि एका गावावर हळदीचा डाग पडला, तेव्हा केवढे ओरडला होतात. "आपलं घर नेमकं त्याच गावात भाड्याने घेतलंय मी!"

काय सुचलं होतं हो तुम्हाला? जबलपूरचा माणूस, डिसेंबर लागला की स्वेटरवर मफलर आणि मफलरवर कानटोपी. फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर लोक कुंड्यांना पाणी घालतात. तुम्हाला केतकीने एकदा खिडकीतून दिसणाऱ्या बर्फाच्या डोंगरांचा फोटो पाठवला आणि तुमचं डोकं फिरलं. छावणीतल्या सदर बाजारातून फौजी हातमोजे आले. उंचीची भीती जावी म्हणून मला घेऊन धुआँधार धबधब्यावरच्या रोपवेत बसलात आणि खाली नर्मदा दिसल्याबरोबर स्वतःच डोळे मिटून घेतलेत. मी तुमचा हात धरून बसले होते. घरी येऊन काय सांगितलंत? मंदा जरा घाबरली!

दर रविवारी पोह्यांबरोबर मीटिंग. तुम्ही, मी, घमापुरातून सुधाकर भावजी आणि फोनच्या पडद्यावर केतकी. घर असं हवं की दार उघडलं की पाय बर्फावर. तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या टाळायच्या, नाहीतर पाळण्यांना रांगा लागतात. स्वयंपाकघर हवंच, कारण रोज पाव आणि चीज कोण खाणार? सगळं खरं होतं, सगळं नीट वाचून काढलेलं होतं. आणि मग तुम्ही कामं वाटून दिलीत. "मी शिकाऊ वर्गात. केतकी आणि जावई लाल उतारावर. मंदाकडे रसद!" भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी, तूप. "मंदा स्की न करता पायी फिरणाऱ्यांचा पास घेईल, खाली कॅफेत बसेल, आमचे फोटो काढेल. संध्याकाळी हीटरवर मोजे वाळवेल."

सगळे हसले. मीही हसले. आणि तुम्ही पुढच्या विषयाकडे वळलात.

एकदा तरी विचारायचं होतं ना! अगं मंदा, तुला जायचंय का वर? एवढंच. मी नाही म्हटलं असतं तर गोष्ट वेगळी. पण तुम्ही माझं 'नाही' माझ्या वतीने परस्पर म्हणून मोकळे झालात, आणि तेही इतक्या प्रेमाने, की भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत.

आणि भेडाघाट? ते तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. मूर्तींच्या दुकानांमागे संगमरवराच्या चुऱ्याचा तो डोंगराएवढा ढीग तुम्ही शोधून काढलात. पांढराशुभ्र. "बर्फ काय आणि हे काय, घसरणं तेच," म्हणालात. फॅक्टरीतल्या जुन्या मित्राकडून दोन फळ्या रंधून आणल्यात, वर सायकलच्या ट्यूबचे पट्टे ठोकलेत, खालून मेणबत्ती घासलीत. मी तुमच्या चपला आणि थर्मास घेऊन उभी. "पुढची टोकं जवळ, टाचा लांब, की माणूस थांबतो," असं ओरडत तुम्ही सुटायचात आणि अर्ध्यातच तोंडावर आपटायचात. पीठ गिरणीतून आल्यासारखे दिसत होतात. दुकानांतली माणसं काम सोडून बघायला आली. मग थर्मासमधला चहा संपला म्हणून तुम्ही टपरीवर गेलात.

तुम्ही गेलात आणि मी साडी खोचली, पट्टे बांधले आणि सुटले.

पूर्ण उतरले, अहो. वरपासून खालपर्यंत. उभी! वारा कानात शिरला, पदर मागे उडाला, आणि मला लाजही वाटली नाही. एका मूर्तिवाल्याने टाळ्या वाजवल्या, "वाह दीदी, वाह!" म्हणाला. फक्त थांबायचं कसं ते मला येत नव्हतं, म्हणून खाली पोचल्यावर मी सरळ बसून घेतलं. नेमके तेव्हाच तुम्ही दोन कुल्हड घेऊन आलात. "पडलीस ना! सांगत होतो, नको त्या फंदात पडू!" त्या मूर्तिवाल्याने सांगायचा प्रयत्न केला, तर तुम्ही त्यालाच चहा दिलात आणि मला पदराने झटकत बसलात. पुढच्या रविवारी तीच गोष्ट मीटिंगमध्ये. मंदा कशी घसरली, मंदा कशी पडली!

तेव्हा का नाही बोलले? कारण मी ठरवलं होतं, हे भांडण इथे करायचं नाही. तिथे करायचं. त्या घराच्या दारात, पायांत खऱ्या स्की घालून, तुमच्या डोळ्यांदेखत. भाजणीच्या डब्याबरोबर ते भांडणही मी बांधून नेणार होते. आणि तुम्ही दसऱ्याच्या आधीच निघून गेलात. सांगा, आता मी ते कोणाशी करू?

गच्चीचे जिने चढत-उतरत होतात तुम्ही, मांड्यांत ताकद यावी म्हणून. मी कुकर लावत होते. धप्प असा आवाज झाला, आणि मला वाटलं, कुंडी पडली.

त्याचाही मला एवढा राग नाही. माणूस जातो. राग याचा आहे, की छातीत जड वाटतंय हे तुम्ही भावजींना सांगितलंत आणि मला नाही. तेराव्याच्या दिवशी कळलं मला. "वहिनीला नको सांगू, ती बुकिंग रद्द करायला लावेल," असं म्हणालात म्हणे. मी? मी रद्द करायला लावणार? त्या घरात तुमच्याइतकंच जर कोणाला जायचं होतं, तर ते मला! मी आरडाओरडा केला असता, तुम्हाला हाताला धरून हॉस्पिटलात नेलं असतं, आणि आपण पुढच्या वर्षी गेलो असतो. बर्फ कुठे पळून जाणार होता? गॅस आहे, गॅस आहे म्हणत ओवा चावत बसलात. चाळीस वर्षं शेजारी झोपलेल्या बाईला एवढंही ओळखलं नाहीत.

दुपारी भावजी आले. केतकीच्या फोनचं सांगितलं, मी जावं म्हणते असंही म्हटलं, तर कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, काहून असा विचार करून राहिल्या तुम्ही? वर्ष तर सरू द्या. वर्षश्राद्धाच्या आत फिरायला जाते का कोणी? लोक काय म्हणतील? अच्छा, समजा गेल्या, तर तिथं करणार काय? दादाच नाही, तर फोटो कोणाचे काढाल?"

फोटो कोणाचे काढाल! म्हणजे तुमच्या भावाच्या डोक्यातसुद्धा मी अजून खालीच बसलेली आहे.

मी म्हटलं, "भावजी, दादांच्या छातीचं तुम्हाला माहीत होतं. तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. आता लोकांचं सांगू नका."

बिचारे एकदम रडायला लागले. "मला काय माहीत वहिनी, तो म्हणे गॅस आहे..." रुमाल सापडेना त्यांना. मग मलाच उठून पोहे करावे लागले. लिंबू पिळून दिले, खाल्ले त्यांनी. जाताना दारात म्हणाले, "चलो, तुम्ही ठरवलंच असेल तर पिंडाचं, दिव्याचं मी पाहीन. तिथली थंडी मात्र लई वाईट असते म्हणते." तुमचे फौजी हातमोजे आहेत, म्हटलं. मोठे होतात मला, आत लोकरीचे घालीन.

त्यानंतर केतकीला फोन लावला. "बाबांची जागा ठेव. नाव बदल."

"कोणाचं टाकू?"

"माझं."

ती म्हणाली, "आई, पक्का? तू खरंच वर येणार? मला तर वाटलं होतं, तुला बर्फ आवडत नाही. बाबा तसंच म्हणायचे."

बघितलंत? मुलीलासुद्धा सांगून ठेवलं होतंत.

"बाबा बरंच काही म्हणायचे," मी म्हटलं. "आणि तो पायी फिरणाऱ्यांचा पास रद्द कर. मोजे ज्याचे त्याने वाळवायचे."

ती हसली आणि मग रडली. फोन ठेवल्यावर मीही रडले, तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. समोर तुमचा नकाशा होता. हळदीच्या डागाशेजारून एक हिरवी रेघ निघते, आपल्या दारापासून खालच्या कॅफेपर्यंत येते. आजवर माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. तुम्ही पेन्सिलने त्यावर बारीकशी फुली केली होती, स्वतःसाठी. आता ती माझी.

तर ऐका. तुम्हाला वचन देते, मी मार्चमध्ये त्या हिरव्या उतारावरून उतरणार आहे. पडेन, परत उठेन. टोकं जवळ, टाचा लांब, थांबायचंही शिकून घेईन. भाजणी नेईन, चटणी नेईन, आणि ते राखून ठेवलेलं भांडणही नेईन. तिथे ते पूर्ण करणार आहे, कोणी ऐको न ऐको.

तुम्ही खाली कॅफेत बसा. थर्मास मी भरून देईन. वरून एक बाई मोठ्या हातमोज्यांत उतरताना दिसेल, तिच्याकडे नीट बघा. आणि कृपा करून, या वेळी मध्येच चहा आणायला उठून जाऊ नका.

तुमची,
अजूनही रागावलेली,
मंदा